प्रक्षेपण आणि प्रक्षेप : सुट्या चित्रांपासून चलचित्रापर्यंत

१९१२ साली इंग्लंडहून परतल्यावर आणि ‘राजा हरिश्चंद्र’ हाती घेण्याआधी दादासाहेब फाळके यांनी एक अगदी छोटा पट तयार केला होता. कुंडीत वाटाणा पेरायचा, कॅमेरा तिच्यासमोर रोवायचा आणि अंकुर फुटून त्याचा वेल होईपर्यंत महिन्याहून अधिक काळ एकेक फ्रेम टिपत राहायचे, अशी त्याची रीत. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखला जाणारा हा पट दाखवून फाळके यांनी पुढच्या उद्योगासाठी भांडवल मिळवले. ही कथा मराठी वाचकाला नवी नाही. ती सांगताना ‘रोज एक फ्रेम’ असा तपशील पुष्कळदा जोडला जातो आणि पट सुमारे एक मिनिटाचा होता, असेही त्याच दमात सांगितले जाते.

ही दोन विधाने एकत्र नांदू शकतात का, हे पाहण्यासाठी साधा त्रैराशिकाचा हिशेब पुरतो. मूकपटाची गती सेकंदाला सुमारे १६ फ्रेम्स धरली, तर एका मिनिटाला ९६० फ्रेम्स लागतात. रोज एक फ्रेम या हिशेबाने महिन्याभरात तीसच जमतील. त्या पडद्यावर दोन सेकंदही टिकणार नाहीत. तीस दिवसांत ९६० फ्रेम्स हव्या असतील, तर दिवसाला ३२ घ्याव्या लागतील; म्हणजे अहोरात्र दर पाऊण तासाला एक, आणि केवळ दिवसाउजेडी काम चालले असेल तर दर वीस-बावीस मिनिटांना एक. तेव्हा ‘एकेक फ्रेम’ हे खरे, ‘रोज एक फ्रेम’ हे मात्र कोणातरी कथनकाराच्या हातून झालेले सुलभीकरण असावे. पट आज समोर नसल्यामुळे याहून पुढे जाता येत नाही.

हा हिशेब आम्ही फाळके यांच्या चरित्रात एक दुरुस्ती सुचवावी म्हणून मांडलेला नाही. आमचा रोख निराळा आहे. चलचित्र म्हणजे नुसती चित्रे नव्हेत. चित्रे, त्यांचा क्रम आणि त्यांची गती अशा तीन गोष्टी मिळून ते सिद्ध होते. यांपैकी चित्रे तेवढी डोळ्यांना दिसतात. क्रम आणि गती कोणीतरी ठरवलेली असते. पाठचिकित्सेच्या भाषेत बोलायचे, तर चित्रांची मालिका ही पोथी आणि तिच्यापासून केलेले चलचित्र ही त्या पोथीची संपादित आवृत्ती. आम्ही साहित्याचे अध्यापक. संगणक हा आमचा प्रांत नव्हे. पण पोथी आणि आवृत्ती यांतला भेद ओळखणे हे आमचेच काम आहे, आणि हा भेद चलचित्रांच्या बाबतीत आज विसरला जातो आहे, असे आम्हांस वाटते.

*

हा भेद चलचित्रांच्या जन्मापासूनचा आहे. जून १८७८ मध्ये कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे एडवर्ड मायब्रिज यांनी धावत्या घोड्याच्या वाटेवर १२ कॅमेरे ओळीने मांडून त्याच्या चालीच्या क्षणांची छायाचित्रे घेतली. घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात, हे त्यांतून सिद्ध झाले. पुढल्या वर्षी हीच हालचाल पडद्यावर दाखवण्यासाठी त्यांनी झूप्रॅक्सिस्कोप नावाचे यंत्र तयार केले. या यंत्राच्या काचेच्या तबकडीवर मात्र छायाचित्रे नव्हती. त्यांवरून हाताने रंगवलेल्या आकृती होत्या. यंत्राच्या रचनेमुळे पडद्यावर आकृती आखूड दिसत. म्हणून त्या तबकडीवर मुद्दाम लांबट काढाव्या लागत. प्रेक्षकांनी धावताना पाहिला तो घोडा म्हणजे पुराव्याची नक्कल होती, दाखवण्याच्या सोयीने बदललेली. मूळ पुरावा सुट्या छायाचित्रांतच राहिला.

१८८२ साली फ्रान्समध्ये एत्येन-ज्यूल मारे यांनी सेकंदाला १२ चित्रे टिपणारी ‘छायाचित्रांची बंदूक’ तयार केली. मारे शरीरशास्त्रज्ञ होते. पक्ष्याचे पंख क्षणोक्षणी कसे हलतात हे त्यांना जाणायचे होते, आणि त्यासाठी गतीचे तुकडे करणे आवश्यक होते. ते पुन्हा जोडून दाखवण्याची निकड त्यांना नव्हती. ल्यूमिएर बंधूंचे ध्येय याच्या उलट. २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये आणि ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात त्यांच्या यंत्राचे खेळ झाले, तेव्हा लोक जमले ते तुकडे पाहायला नव्हे, तर जोडलेली गती पाहायला. गती तोडून अभ्यासण्याची आणि गती जोडून दाखवण्याची, अशा या दोन परंपरा तेव्हापासून शेजारी शेजारी चालत आल्या आहेत.

चित्रपटाच्या फितीने या दोघींना एकत्र बांधून ठेवले होते. फितीवरची प्रत्येक फ्रेम स्वतंत्र पाहता येते आणि तिची जागाही पक्की असते. बाराव्या फ्रेमनंतर तेरावीच येणार. फाळके यांच्या घरी कोऱ्या फितीच्या कडांना अंधारात छिद्रे पाडण्याचे काम सरस्वतीबाई करीत. ती छिद्रेच फीत यंत्रातून नेमक्या अंतराने पुढे सरकवतात, म्हणजे फ्रेमांच्या क्रमाचे ते भौतिक बंधन होते. गतीचे बंधन मात्र फितीतही नव्हते. कॅमेरा हाताने फिरवायचा आणि प्रक्षेपकही बहुधा हातानेच. कोणत्या वेगाने, हे फितीवर कुठेच लिहिलेले नसे.

याचा परिणाम किती होतो तेही पाहण्यासारखे आहे. ३५ मिलिमीटर फितीच्या एका फुटात १६ फ्रेम्स मावतात. म्हणून सेकंदाला १६ फ्रेम्स ही गती धरली की सेकंदाला एक फूट असा सोपा हिशेब जमतो. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये प्रदर्शित झालेल्या ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३,७०० फूट होती, म्हणजे ५९,२०० फ्रेम्स. सेकंदाला १६ या गतीने हा चित्रपट ६१ मिनिटे ४० सेकंद चालतो. बोलपटाच्या २४ या गतीने तो ४१ मिनिटांत आटोपतो. या चित्रपटाची लांबी ‘सुमारे चाळीस मिनिटे’ अशी अनेक ठिकाणी दिलेली आढळते. तो आकडा बोलपटाच्या गतीशी जुळतो. सावकाश फिरणाऱ्या हाताच्या गतीशी नाही. आपल्या पहिल्या चित्रपटाचा एक-तृतीयांश काळ असा केवळ यंत्राच्या वेगाने गिळला जाऊ शकतो. मूकपटांतली माणसे तुरुतुरु चालतात, हा समजही पुष्कळ अंशी याच संपादकीय चुकीतून रूढ झाला आहे.

*

आता आजच्या काळाकडे वळू. अभिलेखागारात जुनी फीत स्कॅन होते तेव्हा तिची प्रत्येक फ्रेम ही स्वतंत्र फाइल होते. वनस्पतीची वाढ किंवा आकाशातील तारे टिपणारा छायाचित्रकारही शेकडो सुट्या फाइल घेऊन घरी येतो. फितीने बांधलेला क्रम येथे सुटतो आणि आपण पुन्हा सुट्या पानांच्या पोथीपाशी येतो. त्या पोथीचे चलचित्र करण्याची कामे आज दोन प्रकारे होतात. एक, बटणे दाबून चालणारे सॉफ्टवेअर. दुसरी, कमांड लाइनवर टंकलेली आज्ञा. या दुसऱ्या प्रकारात फाब्रिस बेलार यांनी २००० साली सुरू केलेले ‘एफएफएमपेग’ हे मुक्त साधन जगभर वापरले जाते. कॅमेऱ्याच्या कच्च्या, म्हणजे ‘रॉ’, फाइल उलगडण्यासाठी डेव्ह कॉफिन यांनी १९९७ पासून लिहिलेले ‘डीसीरॉ’ पुष्कळ वर्षे असेच प्रमाण मानले गेले. त्याची शेवटची आवृत्ती २०१८ सालची. त्याच्यावरूनच ‘लिब्रॉ’ हे आजचे साधन निघाले.

या साधनांचा कारभार पाहिला की पाठचिकित्सेचे जुने प्रश्न एकामागून एक समोर येतात.

पहिला प्रश्न वाचनाचा. रॉ फाइल म्हणजे चित्र नव्हेच. कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी १९७६ मध्ये पेटंट मिळवलेल्या रचनेनुसार कॅमेऱ्याच्या संवेदकावरील प्रत्येक बिंदू लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकाच रंगाचा प्रकाश मोजतो. दर चार बिंदूंत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून अंदाजाने भरायचे असतात. आपल्या ओळखीचे उदाहरण द्यायचे, तर मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा लिहिला जात नाही आणि वाचणारा तो संदर्भाने भरतो. तसेच हे. रॉ फाइलचे लिप्यंतर करावे लागते आणि लिप्यंतरात निर्णय असतात. डीसीरॉला काहीच सांगितले नाही, तर ते प्रत्येक चित्रातील उजळ भाग मोजून त्या चित्राची प्रखरता स्वतंत्रपणे ठरवते. एकट्या चित्राला हे उपकारक असते, मालिकेला घातक. ढग आला की एक चित्र अधिक उजळले जाते, ढग सरला की पुढचे कमी, आणि चलचित्र लुकलुकू लागते. म्हणून मालिकेसाठी प्रखरतेची एकच पातळी कायम ठेवण्याची आज्ञा द्यावी लागते, रंगांचा तोलही सर्व चित्रांना एकच द्यावा लागतो. प्रत्येक ओवी निराळ्या नियमाने वाचणारा संपादक ग्रंथाची एकसंधता मोडतो, त्यातलाच हा प्रकार.

दुसरा प्रश्न क्रमाचा आणि गळित पानांचा. फाइलींच्या नावांत १, २, ३ असे साधे आकडे असले आणि यंत्राने त्या अक्षरक्रमाने लावल्या, तर १ नंतर १० येतो आणि २ फार मागे पडतो. त्यासाठी ०००१, ०००२ असे समान अंकांचे क्रमांक द्यावे लागतात. पोथीच्या पानांच्या समासात लेखक पत्रांक घालीत, त्याच हेतूने. मधली एखादी फाइल नसेल तर काय? एफएफएमपेगला क्रमांकांचा साचा दिला असेल, तर ते जिथे खंड पडतो तिथेच थांबते. पुढची चित्रे घेतच नाही. त्याऐवजी ‘या नावाच्या असतील तेवढ्या सगळ्या घे’ असे सांगितले, तर ते खंड ओलांडून निमूट पुढे जाते, आणि पाहणाऱ्याला पान गहाळ असल्याचा पत्ताही लागत नाही. पहिली रीत अडवणारी वाटते खरी. पण ती त्रुटी उघड करते. दुसरी सोयीची असून त्रुटी झाकते. हस्तलिखितांवर काम केलेल्या कोणालाही यांतली कोणती प्रवृत्ती अधिक धोक्याची, हे सांगायला नको.

तिसरा प्रश्न गतीचा, आणि तो सर्वांत नाजूक. चित्रांची मालिका देताना गती सांगितली नाही, तर एफएफएमपेग ती सेकंदाला २५ धरते. युरोपातील आणि भारतातील दूरचित्रवाणीची हीच गती. मौन राहिलात, तर ‘राजा हरिश्चंद्र’च्या ५९,२०० फ्रेम्स साडेएकोणचाळीस मिनिटांत संपतील. याहून बारीक भाग असा की गतीचा आकडा आज्ञेत कोठे लिहिला यावर त्याचा अर्थ बदलतो. चित्रांच्या नावाआधी लिहिला, तर तो मूळ मालिकेची गती सांगतो. नंतर लिहिला, तर तो तयार होणाऱ्या चलचित्राची गती सांगतो, आणि दोन्ही आकडे जुळावेत म्हणून यंत्र फ्रेम्स गाळते किंवा दुबार घालते. समजा, आधी काहीच सांगितले नाही आणि नंतर २४ सांगितले. यंत्र २५ धरून चालणार, दर पंचविसांतली एक फ्रेम टाकून देणार. ५९,२०० मधल्या २,३६८ फ्रेम्स अशा नाहीशा होतील, आणि चित्रपट पाहताना कोणाच्या लक्षातही येणार नाही. उलट आधी १६ आणि नंतर २४ सांगितले, तर दर दोन फ्रेमांच्या तीन होतात. काळ बरोबर राहतो, पण सेकंदाला आठ द्विरुक्ती शिरतात. नकलकाराच्या हातून होणारे अक्षरलोप आणि द्विरुक्ती हे दोन्ही दोष येथे यंत्राच्या हातून, अत्यंत नियमितपणे, होतात.

चौथा प्रश्न संक्षेपाचा. दूरध्वनीवर किंवा संकेतस्थळांवर चालणारे चलचित्र लहान असावे लागते. त्यासाठी प्रचलित पद्धतीत रंगाची माहिती आडवी निम्मी आणि उभी निम्मी, म्हणजे एक-चतुर्थांश, केली जाते. शिवाय बहुतेक फ्रेम्स पूर्ण साठवल्याच जात नाहीत; मागच्या-पुढच्या फ्रेमपेक्षा वेगळे काय एवढेच नोंदवले जाते. अशा चलचित्रातून एखादी फ्रेम पुन्हा बाहेर काढली, तर ती मूळ फ्रेम नसते. शेजाऱ्यांच्या मदतीने पुन्हा रचलेले तिचे रूप असते. म्हणून अभिलेखागारे यासाठी ‘एफएफव्ही१’सारखी संहतीपद्धती वापरतात, जिच्यात फाइल लहान होते पण एकही बिंदू बदलत नाही. २०२१ साली तिचे तांत्रिक वर्णन इंटरनेटच्या अधिकृत दस्तऐवजांत माहितीपर दस्तऐवज म्हणून प्रसिद्ध झाले. एफएफएमपेगमध्ये आणखी एक सोय आहे. प्रत्येक फ्रेमवरून गणिताने काढलेली एक छोटी खूण यादीरूपाने लिहून ठेवता येते. एक बिंदू बदलला तरी खूण बदलते. आपल्याकडे वैदिकांनी पद, क्रम, जटा, घन अशा उलटसुलट पाठांनी एकेका शब्दाची जागा जखडून ठेवली होती. त्या शिस्तीची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे.

*

आक्षेप असा येईल की चित्रपट ही हलणारी कला आहे. ५९,२०० स्थिर चित्रे कोण पाहत बसणार? आक्षेप रास्त आहे. फ्रेमांचा ढीग म्हणजे चित्रपट नव्हे. पोथी कापडात बांधून फडताळात ठेवली म्हणजे तिचे वाचन झाले, असे कोणी म्हणणार नाही. आवृत्ती हवीच. आमचे म्हणणे एवढेच की आवृत्तीने आपण आवृत्ती आहोत हे सांगावे आणि मूळ पोथी नष्ट करू नये.

ही केवळ तात्त्विक चिंता नाही. पुण्याच्या विधी महाविद्यालय रस्त्यावर भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आहे आणि त्याच रस्त्यावर १९६४ साली स्थापन झालेले, २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही आहे. पहिल्या संस्थेत वि. सी. सुखटणकर यांनी १९२५ पासून महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची घडी बसवली. ते काम १९६६ साली पूर्ण झाले. हस्तलिखितांचा आधार नसलेले काही संहितेत घ्यायचे नाही. जे निश्चित नाही त्याच्याखाली नागमोडी रेघ ओढायची. नाकारलेले पाठ फेकून न देता तळटीपांत आणि परिशिष्टांत जपायचे, ही त्यांची शिस्त. दुसऱ्या संस्थेच्या वाट्याला जानेवारी २००३ मधील आग आली, आणि मूकपटांच्या काळातील नायट्रेट फितींचा मोठा ठेवा तीत जळाला. ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिली आणि शेवटची रिळे आज आपल्यापाशी आहेत, पण ती १९१३ च्या चित्रपटाची की फाळके यांनीच १९१७ मध्ये केलेल्या नव्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. ज्या परंपरेत साक्षी इतक्या थोड्या उरल्या, तिथे उरलेल्या प्रत्येक फ्रेमचे मोल पोथीच्या पानाइतकेच आहे.

आणि नेमक्या याच काळात पडद्यावर नसलेल्या फ्रेम्स निर्माण करणे अतिशय सोपे झाले आहे. २०१८ साली पीटर जॅक्सन यांनी ‘दे शॅल नॉट ग्रो ओल्ड’ या चित्रपटात पहिल्या महायुद्धातील जुन्या चित्रणाला रंग दिले आणि त्याची गती २४ पर्यंत आणण्यासाठी मधल्या फ्रेम्स संगणकाकडून रचून घेतल्या. त्यांनी काय केले ते उघडपणे सांगितले; त्यामुळे ती एक अधिकृत, स्वाक्षरीची आवृत्ती ठरते. पण आज कोणीही, कोणतीही जुनी फीत सेकंदाला ६० फ्रेम्सच्या गुळगुळीत रूपात फिरवू शकतो, आणि विद्यार्थी तिलाच ‘मूळ चित्रण’ समजून निबंधात आधाराला घेतात. दोन खऱ्या क्षणांच्या मध्ये घातलेले हे क्षण कधी घडलेलेच नाहीत. मराठीत यंत्राने पडद्यावर दाखवण्याला आपण प्रक्षेपण म्हणतो आणि ग्रंथात मागाहून घुसवलेल्या मजकुराला प्रक्षेप. दोन्ही शब्द एकाच धातूपासून आलेले. आता दोन्ही क्रिया एकाच यंत्रात होऊ लागल्या आहेत. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा पुढे कोणी तीत आपली ओवी घालू नये असे बजावून ठेवले होते. ओवी घालणारा भक्तीनेच घालीत असणार; त्याचा हेतू वाईट नव्हता. जुनी फीत गुळगुळीत करणाऱ्याचाही नसतो. हेतू चांगला असला म्हणून प्रक्षेप मूळ संहिता होत नाही.

येथेच कमांड लाइनचे महत्त्व आम्हांस जाणवते. बटण दाबून केलेल्या कामाचा माग राहत नाही. टंकलेली आज्ञा हा मात्र मजकूर असतो. गती किती धरली, कोणत्या क्रमांकापासून सुरुवात केली, रंगांचा तोल कोणता ठेवला, काय टाकले, हे सारे त्या एका ओळीत वाचता येते, तपासता येते आणि दुसऱ्याला पुन्हा करून पाहता येते. संपादनाची तळटीप अशी आपोआप लिहिली जाते. फक्त ती जपून ठेवायला हवी. एखाद्या महाविद्यालयाने आपल्या संग्रहातील जुनी फीत किंवा हस्तलिखिताची पाने टिपून त्यांचे चलचित्र केले, तर तीन गोष्टी एकत्र ठेवाव्यात, अशी आमची सूचना आहे. मूळ चित्रांच्या फाइली, त्यांच्या खुणांची यादी आणि ज्या आज्ञेने चलचित्र केले ती आज्ञा, साध्या मजकुराच्या फाइलीत. जागा कमी पडली तर चलचित्र पुसावे; ते पुन्हा करता येते. चित्रे पुसली, तर पुन्हा करता येणार नाही.

आणि वर्गात चलचित्र आधार म्हणून पुढे आले, की पाठाबद्दल विचारतो तेच प्रश्न विचारावेत : ही प्रत कोणत्या फितीवरून केली, गती कोणी ठरवली, काही गाळले किंवा घातले आहे काय, आणि मूळ फ्रेम्स कोठे आहेत? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, तर त्या चलचित्राच्या संदर्भाखाली विद्यार्थ्याने सुखटणकरांची नागमोडी रेघ ओढावी.